चार अंशांची पाचर

शनिवारी सकाळी साडेसातला चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागा. भूगाव, पिरंगुट, पौड... जवळपास प्रत्येक चहाच्या टपरीसमोर एखाददुसरी उंच गाडी उभी दिसेल. जाडजूड टायर, टपावर कॅरिअर, पुढच्या बंपरला विंच आणि बाजूला कटिंग पीत उभं असलेलं पब्लिक. आठवडाभर हिंजवडीत कोड लिहायचा आणि शनिवारी चिखलात लोळायचं, हा फंडा आता काही नवा राहिलेला नाही. गंमत म्हणजे हिंजवडी आणि ताम्हिणी दोन्ही एकाच तालुक्यात. मुळशीत! म्हणजे ऑफिस आणि जंगल, दोन्हीचा तहसीलदार एकच.

उंच गाडीभोवती जमलेल्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. लिफ्ट किती इंच? टायर कुठले? खर्च किती आला? (हा शेवटचा प्रश्न बायको जरा लांब असताना विचारायचा.) पण गाडीखाली वाकून ‘पिनियन किती अंशावर बसवलाय?’ असं विचारणारा माणूस मला आजवर एकच भेटला. पिरंगुटच्या पुढे पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवणारे एक काका. त्यांच्या टूलबॉक्समध्ये गवंड्याची पाणसळ आणि शाळेच्या कंपास पेटीतला कोनमापक असतो. आजचा कॉलम त्या कोनमापकाबद्दल.

त्याआधी माझ्या एका मित्राची जिप्सी. मारुतीची ही गाडी १९८५ साली आली आणि २०१० च्या दशकाच्या शेवटी बंद झाली, पण तिच्यावर जीव टाकणारे कमी झालेले नाहीत. मित्राने जुनी जिप्सी घेतली, रंगवली आणि शहरातल्या एका गॅरेजातून दोन इंच लिफ्ट करून घेतली. दिसायला एकदम सॉलिड. पण साठ ओलांडलं की पायाखालून घूंऽऽ असा आवाज. सत्तरला मधला आरसा असा थरथरायचा की मागची एक गाडी दोन दिसायच्या. त्याने टायर बॅलन्स करून घेतले, अलाइनमेंट केली, पुन्हा टायर बॅलन्स केले. फरक शून्य. दोन महिन्यांत प्रॉपेलर शाफ्टचे दोन क्रॉस गेले.

दुसरा गेला तो ताम्हिणी घाटात. भर पावसात, आईला माणगावहून पुण्याला आणताना. चढावर खाडकन आवाज झाला, शाफ्टचं मागचं टोक सुटून खाली आपटलं आणि गाडी गिअरमध्ये असूनही मागे घरंगळायला लागली. लागणारच. शाफ्ट तुटला की इंजिन आणि मागची चाकं यांचं नातंच संपतं, मग कुठलाही गिअर टाका. हँडब्रेक आधीच ढिला. मित्र ब्रेकवर पाय दाबून बसला आणि त्याच्या आईने भर पावसात उतरून मागच्या चाकाला दगड लावला. मग याने शाफ्ट काढून मागच्या सीटखाली टाकला, पुढचे हब लॉक केले, फोर-हायमध्ये टाकून पुढच्या दोन चाकांवर गाडी हळूहळू पौडला आणली. तेव्हापासून आईचं एकच पालुपद आहे, ‘मी आपली एसटीने येईन.’

जुन्या विलिस घराण्यातल्या जीपमध्ये तर हे प्रकरण आणखी अवघड. तिथे हँडब्रेक चाकांवर नसायचाच, तो असायचा ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावर. म्हणजे हँडब्रेक चाकांना धरतो तो शाफ्टमार्फत. शाफ्ट गेला की गिअरही गेला आणि हँडब्रेकही. उरतो तो पायाखालचा ब्रेक, आणि दगड. अशी जीप बाळगणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता मूळ मुद्दा. लिफ्टने शाफ्टचं नेमकं काय बिघडतं?

गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस चासीला बांधलेले. मागचं डिफरन्शियल हाऊसिंगवर, म्हणजे चाकांबरोबर. या दोघांना जोडणारा लांब दांडा म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. सस्पेन्शन उंच केलं की चासी वर जाते, हाऊसिंग जमिनीजवळच राहतं आणि मधला शाफ्ट जास्त तिरका होतो. नुसते मोठे टायर टाकले तर हा तिरकेपणा बदलत नाही, कारण सगळंच एकत्र वर जातं. बॉडी लिफ्टमध्येही नाही, कारण तिथे चासीवरचा फक्त पत्रा उचलला जातो. घोळ होतो तो सस्पेन्शन लिफ्टमध्ये. हिशेब सोपा आहे. शाफ्ट ८० सेंटिमीटरचा असेल आणि लिफ्ट पाच सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दोन इंच, तर शाफ्टचा उतार साडेतीन अंशांहून थोडा जास्त वाढतो. शाफ्ट जितका आखूड, तितका कोन जास्त.

तिरका शाफ्ट फिरू शकतो तो दोन टोकांच्या क्रॉसमुळे. अधिक चिन्हासारखा दिसणारा, चार बाजूंना बेअरिंगच्या टोप्या असलेला सांधा. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्डानोचं नाव त्याला चिकटलं, सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने त्यावर काम केलं आणि मोटारींसाठी त्याचं उत्पादन अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने १९०४ मध्ये सुरू केलं. स्पेअर पार्टच्या दुकानात खोक्यांवर ‘स्पायसर’ वाचलंय ना? तेच हे आडनाव.

या क्रॉसला एक जन्मजात खोड आहे. तो कोनात चालला की आत आलेली एकसारखी गती बाहेर एकसारखी पडत नाही. प्रत्येक फेऱ्यात बाहेरचा दांडा दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. सात अंशांच्या कोनात हा चढउतार साधारण पाऊण टक्का. तुम्ही म्हणाल, पाऊण टक्क्याचं काय टेन्शन? चाकाचा परीघ सव्वादोन मीटर आणि डिफचं प्रमाण चारास एक धरा. ताशी ८० ला शाफ्ट मिनिटाला सुमारे २,३७० फेरे मारतो. फेऱ्याला दोन झटके, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७९. ही झाली ती घूंऽऽ. वर आणखी एक नियम : कोन दुप्पट झाला की झटका दुप्पट नाही, चौपट होतो. वेग दुप्पट झाला तरीही चौपट. म्हणून चाळीसला गोड वाटणारी गाडी ऐंशीला दात वाजवते.

मग कंपनीच्या गाडीत हे का जाणवत नाही? कारण पुढच्या क्रॉसने केलेला गोंधळ मागचा क्रॉस निस्तरतो. पुढचा पळतो तेव्हा मागचा रेंगाळतो, हिशेब शून्य. पण त्यासाठी दोन अटी. एक, शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत हवेत. दोन, दोन्ही टोकांचे कोन समान हवेत.

इथे आठवा शाळेतली भूमिती. दोन समांतर रेषांना एक छेदिका छेदते तेव्हा होणारे व्युत्क्रम कोन समान असतात. परीक्षेत घोकलेलं हे वाक्य आयुष्यात कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं ना? ट्रान्स्फर केसचा आउटपुट ही एक रेषा, डिफचा पिनियन ही दुसरी, शाफ्ट ही छेदिका. पहिल्या दोन समांतर ठेवा, शाफ्ट कितीही तिरका झाला तरी दोन्ही कोन समान. बस्स. एवढंच.

आणि नेमकं एवढंच मित्राच्या गाडीत मोडलं होतं.

काकांनी गाडी सपाट कोब्यावर उभी केली. जॅकवर नाही, चाकं जमिनीवर, वजन पाट्यांवर. (गाडी जॅकवर लटकवून कोन मोजणाऱ्या गॅरेजातून शांतपणे निघून यावं. हाऊसिंग खाली लोंबलं की सगळे आकडे खोटे.) मग तीन जागी मोजमाप. मोबाइलच्या अ‍ॅपनेही हे मोजता येतं, पण काकांचा भरवसा पाणसळीवर. पुढून मागे उतार धरला तर ट्रान्स्फर केसचा आउटपुट २ अंश, शाफ्ट ९ अंश, पिनियन ६ अंश.

‘हे बघा साहेब,’ काका म्हणाले, ‘वरती नऊ वजा दोन, सात. खाली नऊ वजा सहा, तीन. सात आणि तीनचं जमायचं कसं?’

पाटे आणि हाऊसिंग यांच्यामध्ये चार अंशांची लोखंडी पाचर बसवलेली होती. लिफ्ट करणाऱ्याने शाफ्ट तिरका झालेला पाहिला आणि पिनियनचं नाक वर, शाफ्टच्या दिशेला फिरवलं. मागचा सांधा दिसायला छान सरळ झाला. डोळ्याला एकदम बरोबर वाटतं! मित्रानेही अमेरिकन व्हिडिओत असंच पाहिलं होतं. पण त्या व्हिडिओतला शाफ्ट वेगळा असतो. त्याच्या वरच्या टोकाला एकाऐवजी दोन क्रॉस जोडून असतात, डबल कार्डन. ते दोघं आपला गोंधळ आपसातच मिटवतात, त्यामुळे खालच्या टोकाला कोन जवळजवळ शून्य हवा आणि पिनियन शाफ्टकडे रोखलेलाच हवा. आपल्या साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला तीच पाचर मारली की मात्र खरोखरच पाचर बसते.

बरं, सातातून तीन गेले म्हणजे उरले चार, असंही नाही. हा हिशेब वर्गांचा आहे. एकोणपन्नासातून नऊ गेले, उरले चाळीस, त्याचं वर्गमूळ ६.३. म्हणजे पुढच्या क्रॉसचा जवळजवळ सगळा गोंधळ थेट डिफपर्यंत पोचत होता. उरलेला हा आकडा तीनच्या आत असला तर गाडी सहसा शांत राहते.

काकांनी पाचर काढली. पिनियन परत कंपनीच्या २ अंशांवर आला. वर सात, खाली सात. पाट्यांवर बसलेल्या हाऊसिंगची अजून एक खोड असते. ॲक्सिलरेटर दाबला की चाकं पुढे जातात आणि उलट जोराने हाऊसिंग मागे पिळतं, पिनियनचं नाक वर उठतं. म्हणून पाटे मऊ असतील तर जाणते मिस्त्री पिनियन समांतरपेक्षा एखादा अंश खालीच ठेवतात. जोर आला की तो आपोआप जागेवर येतो. या गाडीचे पाटे कडक होते, त्यामुळे त्याची गरज पडली नाही.

दुसरी अटही तपासली. मधला सरकता जोड, ज्याला स्प्लाइन म्हणतात, तो ग्रीस भरताना कुणीतरी सोडवून एक दात फिरवून बसवला तर दोन्ही योक एका रेषेत राहत नाहीत आणि सगळं गणित बोंबलतं. खोलण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ ओढायची, खर्च शून्य. याच जोडाची लांबीही बघायची. लिफ्टने शाफ्ट ताणला जातो, स्प्लाइनची पकड कमी होते आणि एखाद्या खड्ड्यात चाक पूर्ण खाली लोंबलं तर जोड निसटू शकतो. मोकळा शाफ्ट गरागरा फिरत ब्रेकच्या नळीवर नाही तर टाकीवर आपटतो. पकड कमी वाटली तर शाफ्ट चांगल्या लेथवाल्याकडून लांब करून बॅलन्स करून घ्यायचा.

मग ट्रायल. लवासा फाट्यापर्यंत आणि परत. साठला शांत. सत्तरला आरशात एकच गाडी. ऐंशीच्या पुढे मात्र किंचित गुणगुण शिल्लक. मित्राचा चेहरा पडला. काका म्हणाले, ‘सात म्हणजे सातच की. बरोबर जमलेत, पण लहान नाही झाले.’

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कोन समान केले की डिफपर्यंत झटका पोचत नाही, पण मधला शाफ्ट स्वतः प्रत्येक फेऱ्यात दोनदा पळतो-रेंगाळतोच. त्याचं वजन क्रॉसच्या बेअरिंगला मारत राहतं. म्हणून जोरात पळणाऱ्या गाडीत प्रत्येक क्रॉसचा कोन तीन अंशांच्या आसपास असलेला बरा. कंपनीच्या उंचीला या गाडीचा होता ३.४. लिफ्टनंतर सात. दुप्पट कोन, चौपट मार. (अगदी शून्यही नको बरं का! अर्धा-एक अंश तरी हवा, नाहीतर बेअरिंगच्या सुया हलत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात.)

कोनच कमी करायचा तर काय उपाय? ट्रान्स्फर केस खाली उतरवता येतो. इंचभर उतरवला की शाफ्टचा उतार पावणेदोन अंशांनी कमी होतो. पण मग पोटाखालची उंची गेली, म्हणजे लिफ्ट केली कशासाठी? शिवाय जिप्सीत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळा असतो, मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. मागचा कोन सुधारायला जावं तर त्या बुटक्याचा बिघडतो. दुसरा उपाय डबल कार्डन शाफ्ट आणि पिनियन वर. महाग, आणि पिनियन फार वर उचलला तर त्याच्या पुढच्या बेअरिंगला तेल पोचतंय का ते बघावं लागतं. तिसरा उपाय काकांचा : लिफ्ट एक इंचाने कमी करा.

इथेच खरी निवड आहे. काही जण जिप्सीचे पाटे हाऊसिंगच्या खालून काढून वर घेतात. गाडी एका दमात चार-पाच इंच उठते. अशा वेळी पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात आणि पिनियनचा कोन तिथेच कायमचा ठरतो. शहाणा मिस्त्री आधी नुसते टाके मारतो, गाडी चाकांवर उतरवतो, कोन मोजतो आणि मगच पूर्ण वेल्ड करतो. २०२० नंतरची थार किंवा आपल्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची नवी गुरखा घेतलीत तर मागे पाटे नाहीत, कॉइल आणि दांड्या आहेत. तिथे पाचर नाही, कमी-जास्त करता येणाऱ्या दांड्यांनी कोन जमवतात. भूमिती मात्र तीच. उंची फुकट मिळत नाही. ती वेगातून किंवा क्रॉसच्या आयुष्यातून वळती होते. आठवड्यातून एकदा वीसच्या स्पीडने दगडांवर चढणाऱ्या गाडीला सात अंश चालतील. रोज हिंजवडी आणि महिन्यातून एकदा माणगाव करणाऱ्या गाडीला नाही.

अजून एक गोष्ट, जी लिफ्ट विकणारे आधी सांगत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला : निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही हा बदल आडवा येऊ शकतो. तेव्हा मंजुरीचा प्रश्न आधी, इंचांचा नंतर.

आणि ताम्हिणीचा काही भाग २०१३ पासून अभयारण्य आहे, बाकी भातखाचरं आहेत. याच खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापटांबरोबर शेतकऱ्यांनी धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रह केला होता. तिथल्या बांधावर टायर घालताना कोन बरोबर असून उपयोग नाही, अक्कलही जागेवर हवी.

मित्राने काकांचं ऐकलं. लिफ्ट एका इंचावर आली, उतार सव्वासातवर, दोन्ही क्रॉस सव्वापाच अंशांवर. पार्किंगमध्ये गाडी आता तेवढी रुबाबदार दिसत नाही, हे त्याने मला तीनदा सांगितलं. आईने अजून होकार दिलेला नाही. ‘पाऊस संपू दे, मग बघू’ इथपर्यंत मात्र आली आहे.

तुमची गाडी उंच असेल, किंवा करायचा विचार असेल, तर या गोष्टी करा. वेग ठेवून गिअर बदला. थरथर गिअरबरोबर बदलली तर इंजिनकडे बघा, वेगाबरोबर राहिली तर टायर किंवा शाफ्ट. स्टिअरिंग हलत असेल तर आधी टायर, पायाखाली घूंऽऽ असेल तर आधी शाफ्ट. क्रॉसच्या टोप्यांभोवती लाल भुकटी दिसली तर आत ग्रीस संपलंय, त्या क्रॉसवर घाट चढू नका. पाटे खोलले असतील तर यू-बोल्ट नवे टाका आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. आणि लिफ्टचे पैसे देण्याआधी तिन्ही आकडे कागदावर लिहून मागा : आउटपुट किती, शाफ्ट किती, पिनियन किती. जो मिस्त्री आकडे देईल त्याला पैसे द्या. जो ‘दिसतंय की सरळ’ म्हणेल, त्याला चहा पाजा आणि पुढच्या गॅरेजला जा.